परळ ते खारघर : सामायिक प्रयोगशाळा-सेवांचा वृत्तान्त

कर्करोग संशोधनाच्या क्षेत्रात टाटा मेमोरियल केंद्राच्या परळच्या आणि पुढे खारघरच्या आवारात जे कार्य झाले, त्याचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियांच्या, औषधोपचारांच्या आणि थोर संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो, आणि ते योग्यही आहे. तथापि ज्या खोल्यांच्या दारावर कोणा एका संशोधकाचे नाव लिहिलेले नसते, जेथे आज एकाचा आणि उद्या दुसऱ्याचा नमुना त्याच यंत्रावर त्याच काळजीने चढतो, आणि ज्यांचा उल्लेख शोधनिबंधाच्या अखेरीस आभाराच्या एखाद्या ओळीत झाला तर होतो, त्या सामायिक सेवांचा वृत्तान्त स्वतंत्रपणे नोंदला जावा, या हेतूने स्मरणिकेची ही पाने राखून ठेवली आहेत. जनुकांचे अनुक्रम वाचून देणे आणि प्रथिनांची ओळख पटवून देणे ही या सेवांची आजची दोन प्रमुख अंगे होत. त्यांची यंत्रे अलीकडची असली, तरी दुसऱ्याचा नमुना आपला समजून सांभाळण्याची जी वृत्ती त्यांच्या मुळाशी आहे ती संस्थेइतकीच जुनी आहे, आणि प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तिचाच माग घेतला आहे.

पूर्वपीठिका

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. दोराबजींच्या मागे त्यांच्या विश्वस्त निधीतून कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याची जी तजवीज सुरू झाली ती पुरी होण्यास दशकाचा काळ लागला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. शेजारच्याच सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले होते, आणि त्या शास्त्राची शिस्त त्यांच्या अंगी पुरती मुरलेली होती.

विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा ही मूलतःच सामायिक असते. शल्यविशारद आपापल्या रुग्णाच्या शरीरातून ऊतीचा तुकडा काढून पाठवितो. तो मेणात बसवून, त्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप घेऊन, रंगवून, काचपट्टीवर चढवून निदान कळविणे हे प्रयोगशाळेचे काम. शल्यविशारदाला आपल्यापुढचा रुग्ण दिसतो, परंतु ज्या मेजावर साऱ्यांचे तुकडे येऊन पडतात, त्या मेजाशी बसणाऱ्याला रोगाची तऱ्हा दिसू लागते. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेला निबंध याचा उत्तम दाखला आहे. आंध्राच्या किनारपट्टीवर चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा, खैनी खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवणाऱ्यांना त्याच ओठाचा, आणि धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी आवळणाऱ्यांना कमरेच्या त्वचेचा कर्करोग होतो, असे तीन प्रकार त्यांनी त्यात मांडले. म्हणजे माणसाची सवय आणि गाठीची जागा यांची सांगड घातली. निरनिराळ्या प्रांतांतून आलेले नमुने एका दप्तरात नीट नोंदले जात नसते, तर अशी सांगड कोणाच्याही ध्यानात येती ना.

आनुवंशिकतेकडेही खानोलकरांचे लक्ष याच काळात वळले होते. मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांत सात आनुवंशिक लक्षणांचे प्रमाण काय आहे, याविषयीचा डॉ. एल. डी. संघवी आणि खानोलकर यांचा निबंध १९४९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी परळच्याच केईएम रुग्णालयाच्या आवारातून डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जो नवा रक्तगट जाहीर केला, तो पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. त्या निबंधाच्या लेखकांत लंडनच्या लिस्टर संस्थेतील रेस, रूथ सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावे आहेत. रक्तगटांच्या सूक्ष्म तपासणीसाठी सर्व देशांचे वैद्य ज्या दाराशी जात, त्याच दाराशी परळच्या वैद्यांनाही जावे लागले, आणि त्या दाराने परळचा नमुना परका म्हणून मागे सारला नाही. सामायिक सेवा म्हणजे काय, याचा इतका स्वच्छ धडा त्या काळात दुसरा मिळाला नसता. मात्र असे एखादे दार आपल्याकडेही असावे, ही निकडही त्याच धड्यातून निघत होती.

स्थापना आणि स्थलांतर

१९५२ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले आणि त्याचे संचालकपद खानोलकरांकडे दिले. पेशी-संवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा येथेच डॉ. कमल रणदिवे यांनी उभी केली. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या, खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेल्या रणदिवेबाई अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतल्या होत्या. हे गाय म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नामक रुग्णेच्या गाठीतून शरीराबाहेर अखंड वाढणाऱ्या पहिल्या मानवी पेशी मिळविणारे गृहस्थ. त्या पेशी मागेल त्याला विनामूल्य देण्याचा त्यांचा शिरस्ता होता, आणि त्या औदार्यामुळे अनेक देशांतील संशोधनास गती आली. परंतु ज्या स्त्रीच्या शरीरातून त्या घेतल्या, तिची संमती कोणीही विचारली नव्हती. आज नमुन्याबरोबर रुग्णाच्या सहीचे संमतिपत्र असल्यावाचून कोणतीही सेवा त्या नमुन्यास हात लावीत नाही, यामागे अशा अनेक प्रकरणांतून उशिरा आलेले शहाणपण आहे.

पेशी-संवर्धनाच्या खोलीने संस्थेला आणखी एक गोष्ट शिकविली. जिवंत पेशी रविवार जाणत नाहीत. त्यांचे पोषक द्रव ठरल्या वेळी बदलावे लागते, त्यांचे तापमान शरीराइतके राखावे लागते, आणि एका कुपीत शिरलेला जंतू शेजारच्या संशोधकाचे महिनोन्महिन्यांचे काम एका रात्रीत नासवू शकतो. तेव्हा एकाने पाळलेली स्वच्छता दुसऱ्याच्या कामी येते आणि एकाची हयगय सर्वांना भोवते, हा सामायिक प्रयोगशाळेचा पहिला कायदा जनुकांची आणि प्रथिनांची यंत्रे येण्याच्या पुष्कळ आधीच येथे अमलात आलेला होता.

कारभाराच्या बाजूने पाहता, १९५७ साली रुग्णालय आरोग्य मंत्रालयाकडे गेले, १९६२ साली त्याचा ताबा अणुऊर्जा विभागाकडे आला, आणि १९६६ साली रुग्णालय आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्र ही संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल केंद्र अस्तित्वात आले. परळची जागा चारी बाजूंनी वेढलेली. वाढीस वाव नव्हता. पुढे नवी मुंबईत खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी साठ एकर जागेवर कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षण यांचे प्रगत केंद्र, म्हणजेच ज्याला सर्वजण ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात ते उभे राहिले, आणि २००२ साली संशोधन संस्थेने तेथे बिऱ्हाड हलविले. मोकळी जागा मिळाल्यावर यंत्रांना विभागवार कोंडून न ठेवता ती सर्वांसाठी एकत्र मांडण्यास अवसर मिळाला. अनुक्रम वाचणारी यंत्रे, मास स्पेक्ट्रोमीटर, पेशी मोजणारी फ्लो सायटोमीटरची उपकरणे, सूक्ष्मदर्शनाचा विभाग आणि ऊतींचे भांडार या सेवा अशा रीतीने सामायिक म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

यंत्रे आणि त्यांची रीत

ही यंत्रे सामायिक का असावीत, याचे पहिले उत्तर अर्थातच किंमत. त्यांतील मोठ्या यंत्रांचा भाव कोटींच्या घरात जातो, आणि एकट्या संशोधकाचे काम त्यांना वर्षाचे सर्व दिवस गुंतवून ठेवू शकत नाही. आपल्याकडे लग्नकार्याची मोठी भांडी देवळात किंवा चावडीत सामायिक ठेवीत, ज्याच्या घरी कार्य तो नेई आणि घासून, मोजून परत करी. त्याच व्यवहारज्ञानाची ही मोठी आवृत्ती म्हणता येईल. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानेही सत्तरच्या दशकात पवईच्या आयआयटीसह देशातील निवडक ठिकाणी प्रादेशिक उपकरण केंद्रे काढून या तत्त्वास सरकारी मान्यता दिली होती.

परंतु दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते यंत्रांच्या इतिहासात सापडते. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली डीएनएचा अनुक्रम वाचण्याची जी पद्धत दिली, तीत किरणोत्सर्गी खुणांचे पट्टे क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटवून डोळ्यांनी वाचावे लागत. १९८६ साली कॅलिफोर्नियात चार अक्षरांना चार रंग देऊन ते वाचन यंत्राकडे सोपविण्याची युक्ती निघाली. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात एकाच वेळी लक्षावधी तुकडे वाचणारी यंत्रे आली. प्रथिनांकडे पाहावे तर १९७५ साली ओ’फॅरेल यांनी पेशीतील प्रथिने एकाच जेलवर दोन दिशांनी पसरविण्याची रीत दाखविली, १९९४ साली मार्क विल्किन्स यांनी पेशीतील समग्र प्रथिनांच्या संचास ‘प्रोटिओम’ हे नाव सुचविले, आणि प्रथिनांसारखे अवजड रेणू न मोडता मोजता येतील अशा पद्धती शोधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका हे २००२ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. म्हणजे विद्यार्थ्याने एक यंत्र शिकून प्रबंध पुरा करावा, तोवर दुसरे यंत्र दाराशी येऊन उभे. या घाईत ज्ञान टिकवून धरणारा कोणीतरी असावा लागतो, आणि तो प्रबंधाबरोबर निघून जाणारा असून चालत नाही.

प्रथिनांच्या विभागात येणारा नमुना पुष्कळदा जेलच्या निळ्या पट्टीच्या रूपाने येतो. पाठविणाऱ्याला एवढेच ठाऊक असते, की रोगट ऊतीत ही पट्टी गडद उमटते आणि निरोगी ऊतीत फिकट. ती कोणत्या प्रथिनाची, हे त्याला विचारायचे असते. ती पट्टी धारदार पात्याने कापून तिचे मिलिमीटरभराचे तुकडे करतात, रंग धुऊन काढतात आणि ट्रिप्सिन या पाचक द्रव्यात रात्रभर ठेवतात. ट्रिप्सिन प्रथिनाची साखळी वाटेल तेथे तोडीत नाही. लायसीन आणि आर्जिनीन या दुव्यांपुढेच तोडते, त्यामुळे प्रत्येक प्रथिनाचे तुकडे ठरावीक वजनांचे पडतात. सकाळी त्या द्रवाचा इवलासा थेंब, स्फटिक बनविणाऱ्या आम्लात मिसळून, पोलादी पट्टिकेवरील एका घरात ठेवतात. एका पट्टिकेवर अशी ३८४ घरे असतात. थेंब सुकला की पट्टिका यंत्राच्या निर्वात पोकळीत जाते, लेसरचा मारा होतो, आणि उडालेले तुकडे नळीच्या पलीकडच्या टोकास किती वेळात पोचले यावरून त्यांचे वस्तुमान ठरते. हलका आधी, जड मागाहून. वजनांची ही यादी प्रथिनांच्या प्रचंड सूचीशी ताडून पाहिली, म्हणजे नाव हाती येते.

आणि कित्येकदा हाती येते ते नाव केराटिनचे असते. केराटिन हे आपल्या त्वचेचे आणि केसांचे प्रथिन. कोणी हातमोज्यांवाचून जेल हाताळले, लोकरीचा स्वेटर घालून उघड्या डबीवर वाकले किंवा कपाळावरची बट मागे सारून त्याच हाताने पाते उचलले, तर रोगाच्या शोधास निघालेल्या संशोधकास स्वतःच्याच कातडीचा शोध लागतो. विभागातील जाणते सहायक वजनांच्या यादीवर नजर टाकताच हा पाहुणा ओळखतात, अहवालात सभ्य शब्दांत तसे नमूद करतात आणि पुढच्या खेपेस नमुना कसा तयार करावा हे नवख्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून दाखवितात. यंत्राच्या माहितीपुस्तकात हे ज्ञान छापलेले असते. परंतु ते वेळेवर आठवण्यासाठी माणूस लागतो.

जनुकांच्या विभागातही हाच अनुभव येतो. जुन्या सँगर पद्धतीचे यंत्र पडद्यावर चार रंगांच्या शिखरांची रांग काढते. आरंभीची काही अक्षरे अस्पष्ट, पुढे सुमारे सातशे अक्षरांपर्यंत वाचन स्वच्छ, आणि त्यानंतर शिखरे एकमेकांत मिसळू लागतात. मध्येच एका जागी दोन रंगांची शिखरे एकावर एक उभी दिसली, तर ते रुग्णाच्या दोन जनुकप्रतींपैकी एकीत झालेले परिवर्तन असू शकते, अथवा नमुन्यात झालेली भेसळही असू शकते. अनुभवी सहायक अशा वेळी निर्णय देत नाही. डीएनएचा दुसरा धागा उलट दिशेने वाचून पाहतो, आणि दोन्ही वाचने जुळली तरच ते अक्षर अहवालात जाऊ देतो. त्या एका अक्षरावर कदाचित एखाद्या कुटुंबातील मुलीबाळींची तपासणी अवलंबून असते, याची जाणीव या खोलीत सर्वांना असते.

कारभाराचा शिरस्ता

अशा सेवेचा कारभार पाहिला तर तो बराचसा कागदाचा आहे. मागणीपत्र, विभागप्रमुखाची सही, नीतिविषयक समितीची मंजुरी, नमुन्यावर रुग्णाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, यंत्राच्या वेळापत्रकातील पाळी, आतल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी ठरलेले शुल्क, आणि अखेरीस अहवाल दिल्याची नोंद. पुष्कळांना हा व्याप जाचक वाटतो. परंतु पाळीचा नियम नसेल तर वरच्या हुद्द्याच्या माणसाचा नमुना नेहमीच पुढे जाईल, आणि एखाद्या नवशिक्या विद्यार्थिनीचा तुकडा शीतपेटीत पडून राहील. नोंदवहीपुढे दोघेही सारखेच, ही सामायिक सेवेची खरी सनद होय.

नमुना नाकारण्याचा अधिकार हाही याच सनदेचा भाग आहे. आरएनए हे मोठे नाजूक द्रव्य. उणे ८० अंशांवर ठेवलेला नमुना वाटेत वितळला, तर त्याचे तुकडे होऊन जातात, आणि मग यंत्राने दिलेले आकडे दिसायला सुबक पण अर्थाला पोकळ निघतात. फॉर्मलिनमध्ये बुडवून मेणात बसविलेल्या जुन्या ऊतीतील डीएनएही असाच तुटलेला असतो. म्हणून यंत्रावर चढविण्यापूर्वी नमुन्याची प्रत तपासतात आणि ती हलकी आढळली तर परत करतात. मित्राचा नमुना परत करणे हे या खात्यातील सर्वांत अवघड काम आहे, आणि सेवेची अब्रू त्याच कामाने राखली जाते.

याखेरीज कोकणच्या पावसाळ्याशी सामना आहेच. दमट हवेने यंत्राचे विद्युत्मंडल बिघडू नये म्हणून वातानुकूलन अहोरात्र चालू ठेवणे, वीज गेली तरी शीतपेट्यांचे तापमान चढू नये म्हणून पर्यायी बंदोबस्त राखणे, द्रव नायट्रोजनच्या टाक्या वेळच्या वेळी भरणे, या कामांना कोणत्याही शोधनिबंधात जागा नाही. तरी ती एक रात्र चुकली तर कित्येक शोधनिबंध जन्मालाच येणार नाहीत.

फलश्रुती

या साऱ्या खटाटोपाचे फलित काय, असे कोणी विचारले, तर एक उदाहरण पुरेसे आहे. २००८ साली निरनिराळ्या देशांनी मिळून कर्करोगांच्या जनुकसंचांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला आणि एकेका देशाने एकेक कर्करोग वाटून घेतला. भारताच्या वाट्यास आला तो गालाच्या आतल्या बाजूचा आणि हिरड्यांचा कर्करोग. तंबाखू चघळणाऱ्या आपल्या समाजात तो फार. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी तो प्रकल्प सहकार्याने चालविला. पन्नास रुग्णांच्या जनुकसंचातील प्रथिने घडविणारा भाग समग्र वाचून आणि आढळलेली परिवर्तने आणखी साठ रुग्णांत ताडून जो निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात टीपी५३ सारखी, डोके आणि मानेच्या इतर कर्करोगांतही बिघडणारी जनुके आढळली. परंतु यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांसारखी काही जनुके या विशिष्ट जागेच्या गाठीतच ठळकपणे बिघडलेली दिसली. सवयीचा आणि गाठीच्या जागेचा जो संबंध खानोलकरांनी काचपट्ट्यांवरून जोडला होता, त्या संबंधाच्या आतील यंत्रणेपर्यंत संशोधन अशा रीतीने पोचले.

हे एका प्रयोगशाळेचे काम नव्हे. शल्यविशारदाने गाठ काढताच तिचा तुकडा वेळेत गोठवावा लागतो, विकृतिशास्त्रज्ञाने त्यात रोगट पेशी पुरेशा आहेत याचा निर्वाळा द्यावा लागतो, त्याच रुग्णाचे रक्त तुलनेसाठी जोडीने ठेवावे लागते, आणि जे बदल जन्मजात आहेत ते वजा करून गाठीत नव्याने झालेले तेवढेच वेगळे काढावे लागतात. या साखळीतील एक दुवा जरी गफलत करील, तरी पुढच्या यंत्राचे सारे कौशल्य वाया जाते. पवईच्या आयआयटीतील प्रथिनसंशोधकांनी टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने चालविलेले काम, किंवा २००९ साली बेंगळुरू येथे सुरू झालेले सी-कॅम्पसारखे सर्वस्वी सामायिक सेवांसाठीच असलेले केंद्र, ही याच विचारसरणीची भावंडे होत.

पुढील जबाबदारी

गौरवग्रंथात उणिवांचा उल्लेख करू नये असा संकेत आहे. तथापि ज्या सेवेचे सारे जीवित काटेकोर नोंदींवर चालते, तिच्याविषयीची नोंद तरी अपुरी राहू नये. आपल्याकडे अनुदान यंत्राच्या खरेदीस सुलभपणे मिळते, त्याच्या देखभालीस कष्टाने मिळते, आणि ते चालविणाऱ्या माणसास बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरतेच मिळते. परिणामी देशात ठिकठिकाणी उत्तम यंत्रे सुट्या भागांवाचून आच्छादनाखाली पडून असतात, आणि केराटिन नजरेने ओळखणारा, दुसरा धागा वाचल्यावाचून अक्षर मान्य न करणारा सहायक तीन वर्षांचे कंत्राट संपताच दुसरीकडे पोट भरावयास निघून जातो. त्याच्याबरोबर जे जाते त्याची कोठेही घसाऱ्याच्या खात्यात नोंद होत नाही.

म्हणून या सेवांचे पुढील नियोजन ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापुढे एवढाच प्रस्ताव ठेवावासा वाटतो, की नव्या यंत्राच्या खरेदीपत्रावर ज्या दिवशी सही होईल, त्याच दिवशी त्याच्या दहा वर्षांच्या देखभालीचा करार, ते चालविणाऱ्या सहायकाची कायम जागा आणि त्यातून निघणारी माहिती साठविण्याची तरतूद या तीन कागदांवरही सही व्हावी. आणि त्यांपैकी एखादा कागद तयार नसेल, तर तो तयार होईपर्यंत यंत्राची मागणीही थांबवून धरण्याचे धैर्य संस्थेने दाखवावे.